मामाने कॉम्प्युटरची पूजा केली तेव्हा

प्रिय अण्णामामा,

रविवारी विद्याला बघायला गोरेगावची मंडळी येणार आहेत. ऐकल्यापासून डोकं फिरलंय, आणि अशा वेळी "मेल्या, जरा दम धर" म्हणणारा तू नाहीस. चार महिने झाले तुला देवाघरी जाऊन. म्हणून लिहायला बसलोय.

सगळं तुझ्यामुळेच झालं, बरं का! प्रोफेसरशी भांडून मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, तेव्हा घरातले सगळे खवळले होते. तू मात्र बोटीवरच्या नोकरीतून येताना आणलेला कॉम्प्युटर तुझ्या घाटकोपरच्या खोलीत टीव्हीला जोडलास आणि म्हणालास, "कॉलेज नको तर नको. ह्या तरी शिक."

ती एडिटरची कॅसेट आठवते? टाइप केलेलं खोडता येतं, बदलता येतं, असा तो प्रोग्रॅम. तो कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये चढवायला टेपरेकॉर्डर लावायचा आणि दहा मिनिटं ती किर्रकिर्र ऐकत बसायचं. आवाज जरा कमीजास्त झाला की पुन्हा पहिल्यापासून! शेवटी तू आवाजाच्या बटणाशेजारी मामीच्या कुंकवाचं बोट लावलंस: काटा इथंच ठेवायचा. चौथ्या वेळी प्रोग्रॅम चढतच आला होता, तेवढ्यात मामीने चटणीसाठी मिक्सर लावला. लाइट लुकलुकले, वाट लागली! मी मामीवर ओरडलो. तू हसत टेप मागे फिरवलीस. "अरे, तिची चटणी आधीची, तुझो कॉम्प्युटर मागसून."

सातव्यांदा चढला. मग मी पहिलं काय लिहिलं असेल? खालच्या मजल्यावरच्या विद्याला पत्र! भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. लिहून झाल्यावर लक्षात आलं, प्रिंटर कुठाय? पत्र टीव्हीत, आणि टीव्ही तुझ्या घरात. झकास! मी ते कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला साठवून ठेवलं.

आणि दसऱ्याला तू काय केलंस? टीव्हीला झेंडूची माळ, कीबोर्डला हळदकुंकू. वर "बंद यंत्राची पूजा कसली?" म्हणत कॅसेट चढवलीस. नेमकी ती बाजू! मी आलो तर विद्या आणि तिचे बाबा आपट्याची पानं घेऊन उभे, आणि पडद्यावर माझं पत्र.

"हे काय लिहिलंय?" बाबा चष्मा शोधत होते.

"मंत्र," तू म्हणालास. "पूजेचो."

त्यांनी हात जोडले, मामा! माझ्या प्रेमपत्राला!

मी झेप घेऊन वायर उपटली. तुला सगळ्यांदेखत नको नको ते बोललो आणि आठ दिवस फिरकलो नाही. न्यायला तूच आलास. तेव्हाही 'चुकलं' म्हणालो नाही. आता म्हणतो. चुकलं रे. पण खरं सांग, ती बाजू मुद्दाम लावलीस ना?

आज संध्याकाळी विद्याला जिन्यात गाठलं. "गोरेगाववाल्यांना हो म्हणणार आहेस?" मी तडकूनच विचारलं.

"ओरडू नकोस. दसऱ्याला सगळं वाचलं होतं मी. तेव्हापासून वाट बघतेय, हा कधी तोंड उघडतो म्हणून. मूर्ख!"

मामा, ती हसत होती!

उद्या सकाळी तिच्या बाबांकडे जातोय, ते ऑफिसला निघायच्या आत. कॉलेज सोडलेला म्हणतील, अजून काय काय म्हणतील. सगळं ऐकून घेईन, उलट बोलणार नाही. पण विद्याशी लग्न करायचंय हे सांगितल्याशिवाय त्यांच्या दारातून हलणारही नाही. तुला शब्द देतो.

तुझाच तापट भाचा,
सुधीर