भाजीच्या कप्प्यातली राणी

२ डिसेंबर, मंगळवार

फ्रिजमध्ये मुंग्या ठेवायच्या! उभी हयात प्रेस शॉपमध्ये काढली, दोन बोटं तिथंच ठेवून आलो, आणि रिटायर झाल्यावर नशिबात हे काम. आज वॉर्डात भरती व्हायला निघताना धम्माने बोटभर काचेची नळी माझ्या हातात दिली. आत कापसाचा ओला बोळा, एक ढब्बी राणी आणि तिच्या पाच-पन्नास पोरी. जुलैत कंपनीतल्या मित्रांबरोबर मनालीला गेला होता, तिथून राणीला खिशात घालून आणली. लोक सफरचंदं आणतात.

"थंडीतल्या आहेत पप्पा त्या. हिवाळाभर झोपल्या नाहीत तर पुढं राणी अंडी घालत नाही. भाजीच्या कप्प्यात ठेवा. खायला नको, उजेड नको, हलवायचं नाही. कापूस तेवढा ओला ठेवा. फेब्रुवारीच्या मध्यावर मी येतोच उठवायला."

येतोच म्हणाला. रक्ताचा कॅन्सर झालेलं पोरगं येतोच म्हणतं, तर बापाला एक कप्पा सांभाळायला काय धाड भरलीय?

६ डिसेंबर, शनिवार

यंदा दादरला गेलो नाही. पहिल्यांदाच चुकलं. घरीच बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. धम्माची केमो सुरू झालीय. सारखा ओकतोय म्हणे. फोन आला तर पहिलं वाक्य — "राणी कशी आहे?"

बाप कसा आहे हे कुणी विचारू नका!

१२ डिसेंबर, शुक्रवार

बायकोने, सोजरने, नळी काढून गॅलरीत उन्हाला ठेवली! "अवो, गारठून मरतील की ती लेकरं! हलंना-बोलंना झाल्यात." मी तिच्यावर असा ओरडलो की खालचे मारुतराव जिन्यात येऊन उभे राहिले. नळी परत आत ठेवली. सोजर भाकरी थापता थापता रडत होती. मुंग्यांसाठी नव्हती रडत. मीही मुंग्यांसाठी ओरडलो नव्हतो. पण हे बोलायचं कसं? कालवण आवडलं म्हणालो.

१८ डिसेंबर, गुरुवार

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून दुरुस्तीच्या नावाखाली लाइट घालवतात. इकडं थेरगावातही. दिवसभर फ्रिज बंद, खाली पाण्याचं थारोळं. राणी मध्येच जागी झाली तर?

डोकं चालवलं. लाइट गेली की नळी वरच्या बर्फाच्या कप्प्यात. बंद फ्रिजमध्ये गारवा सगळ्यात जास्त टिकतो तो तिथं. संध्याकाळी लाइट यायच्या आत परत खाली. एकदम झकास जमलं. धम्माला फोनवर सांगितलं. "पप्पा, तुम्ही तर इंजिनिअर निघालात!" म्हणाला. आवाज खोल गेलाय पोराचा.

१ जानेवारी, गुरुवार

गुरुवारची ड्यूटी केली. राणी ठीक.

वॉर्डात काचेतून बघितला. डोक्यावर एक केस नाही. हात हलवला मी. त्यानेही हलवला. उचलायला जड जात होता त्याला हात.

१५ जानेवारी, गुरुवार

आज महापालिकेचं मतदान. मी आणि सोजर सकाळीच शाई लावून घेतली आणि तसेच दवाखान्यात गेलो. निघायची घाई होती. म्हटलं, लाइट आता जाईलच. जायच्या आधीच नळी वर ठेवून दिली.

अंधार पडताना आलो. जिन्यात दिवा. घरात फ्रिज घरघरतोय.

मतदानाच्या दिवशी लाइट कोण घालवेल? अख्ख्या पिंपरी-चिंचवडला कळतं, मला कळलं नाही. गुरुवार म्हणजे लाइट जाणार — इतकी वर्षं अंगात मुरलेलं!

नळी पांढरी पडली होती. आत सगळ्यांचा मिळून एक गोळा.

१६ जानेवारी, शुक्रवार

झोपल्यात की मेल्यात? काल खाली ठेवल्या तेव्हापासून चारदा बघितलं. झोपल्या होत्या तेव्हाही अशाच दिसत होत्या.

२० जानेवारी, मंगळवार

"राणी झोपलीय ना नीट?"

"घोरतीय!" म्हणालो.

हसला. किती दिवसांनी हसला! मग ठसका लागला. मी फोन ठेवला आणि बाथरूमचा नळ मोठा सोडून बसलो.

९ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर बाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. औषध लागू पडत नाही. आता पुढचं दिलं तर त्रासच वाढेल. "घरी न्या, काका. त्याच्या आवडीचं करून घाला."

बाहेर बाकावर सोजर. "काय म्हणल्या?" मी म्हणालो, रिपोर्ट चांगला आलाय, पुढच्या आठवड्यात सोडतायत. तिने दोन्ही हात जोडले. मग काचेपलीकडं धम्माला फोन लावून तेच सांगितलं. हसत सांगितलं. जमलं मला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

उठवायचा दिवस. नळी ओट्यावर ठेवली, मधाचा थेंब दिला. दुपारपर्यंत वाट बघितली. काडीने राणीला हळूच ढोसलं तर तिचा पायच निघून आला.

धम्माचा मेसेज — व्हिडिओ पाठवा.

काय करणार? खिडकीत गुळाचा खडा ठेवला. आमच्याच घरच्या काळ्या मुंग्या आल्या. त्या दुसऱ्या नळीत भरल्या आणि व्हिडिओ काढला. "उठल्या रे धम्मा, उठल्या!" असंही ओरडलो वर. साठी उलटलेला माणूस, खोट्या मुंग्यांपुढं नाचतोय.

उत्तर आलं — "मस्त."

१८ फेब्रुवारी, बुधवार

धम्माला घरी आणला. सोजरने पुरण घातलंय. ती आत लाटत होती तेव्हा त्याने नळी मागितली. मी काळ्या मुंग्यांची दिली. उजेडाकडं धरून बघितली त्याने, आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"या खिडकीतल्या आहेत पप्पा. व्हिडिओतच ओळखल्या. पण 'उठल्या रे' म्हणताना तुमचा जो आवाज होता ना, तो मी आधी एकदा ऐकला होता. काचेपलीकडून. 'रिपोर्ट चांगला आलाय' म्हणालात तेव्हा."