तू जीपमध्ये का बसली नाहीस?

प्रिय आई,

काल धापूकाकीचा फोन आला, थेट जैसलमेरहून! तिने आता मोबाइल घेतलाय. तो कानापासून हातभर लांब धरून ती ओरडून बोलते, म्हणजे फोन नसता तरी नाशिकरोडला ऐकू आलं असतं. तू गेल्याचं तिला फार उशिरा कळलं. आधी ती रडली, मग मी रडले, आणि मग तिने असं काही सांगितलं की सकाळपासून माझा स्वयंपाकात हातच चालत नाहीये. शेवटी गॅस बंद केला आणि तुला लिहायला बसले.

इतकी वर्षं मी तुला एकच प्रश्न विचारत आले. त्या दिवशी तू मामाच्या जीपमध्ये का बसली नाहीस?

आठवतं ना? बाबांचा सातपूरचा कारखाना बंद पडला आणि त्यांना नोकरी मिळाली ती राजस्थानात, पवनचक्क्या उभारायच्या कामावर. तू निघतानाच सगळ्यांसमोर सांगून टाकलंस, घर बघते, पटलं तर राहीन, नाहीतर मनूला घेऊन भावाबरोबर परत. बाबा सामान बांधत राहिले. बोलून उपयोग नाही हे त्यांना लग्नापासून माहीत होतं. मी मात्र घाबरले होते, कारण तू बोलायचीस ते करायचीस. बाबा तिकडे एकटे काय खातील, कसे राहतील, हेच माझ्या डोक्यात.

पण मामाच्या जीपमधून जाताना तू किती मजेत होतीस! सापुताऱ्याचा घाट उतरल्यापासून प्रत्येक पुलावर तुझा प्रश्न, ही कोणती रे? मामाने नाव सांगितलं की हात जोडायचे. तापी झाली, नर्मदा झाली, साबरमती झाली. बिचारा मामा! माहीत नसलं की ठोकून द्यायचा. एका ओढ्याला तर त्याने छोटी तापी म्हणून खपवलं. सांचोरच्या पुढे भलामोठा पूल लागला आणि खाली नुसती वाळू. वाळूतून एक माणूस उंट घेऊन चालला होता. तू विचारलंस, नदी कुठाय?

"ताई, हीच नदी. लुणी," मामा म्हणाला.

तू बराच वेळ मागे वळून बघत राहिलीस. तेव्हाही हात जोडलेस का गं? मी उंट बघण्यात गुंग होते, तुझ्याकडे बघायचं राहून गेलं.

घर गावाच्या टोकाला होतं. पिवळ्या दगडाच्या दोन खोल्या आणि सगळीकडे पिठासारखी बारीक वाळू. नव्या घरात राहायला जायचं तर आधी घर धुऊन काढायचं, उंबरा ओला करायचा, दारात सडा घालायचा, ही तुझी रीत. पंचवटीत, आपल्या नाशिकच्या गंगेपासून हाकेच्या अंतरावर वाढलेली बाई तू! अंगणात जमिनीखाली पाण्याचं टाकं होतं. तू पदर खोचलास आणि बादलीमागून बादली उपसलीस. खोल्या झाल्या, ओटा झाला, पायऱ्या झाल्या, अंगण झालं. मीही खराट्याने पाणी लोटत होते. वाळू पाणी पिऊन टाकत होती आणि तू आणखी ओतत होतीस. वर सडा, रांगोळी, सगळं साग्रसंगीत.

कुंपणाच्या भिंतीपलीकडे एक बाई उभी होती. डोक्यावरून घुंगट, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. शेवटच्या बादलीपर्यंत ती नुसती बघत उभी राहिली. तीच धापूकाकी.

दुपारी तिचा नवरा, म्हणजे आपला घरमालक, आला. टाक्यात डोकावला आणि बाबांना हळू आवाजात सांगितलं, हे पाणी दोन्ही घरांचं आहे, पुढचा टँकर येईपर्यंत पुरवायचं होतं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तुझं तोंड एवढंसं झालं. सोडलेली वळकटी तू पुन्हा बांधलीस.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," तू मामाला म्हणालीस. "या लोकांना मी तोंड कसं दाखवू?"

मग निदान माफी मागून यावी म्हणून पलीकडे गेलीस. दिवेलागणीला परत आलीस, वळकटी सोडलीस आणि खिचडी टाकलीस. सकाळी मामा एकटाच निघाला. असं काय झालं होतं त्या घरात? मी विचारलं, बाबांनी विचारलं, मामाने पुढच्या दिवाळीत विचारलं. तुझं उत्तर ठरलेलं, "तुम्हाला काय करायचंय? राहिले ना?" आणि राहिलीस तरी किती, चांगली सहा वर्षं!

काल मी काकीलाच विचारलं. ती हसायला लागली. म्हणाली, तुझी आई हात जोडून रडतच आली, मला वाटलं कुणी वारलं की काय. तिला वाटत होतं, मी रागाने बघत उभी होते.

"म्हैं तो पाणी देखण नै ऊभी ही," काकी म्हणाली.

आई, ती पाणी बघायला उभी होती! अंगणातून एवढं पाणी असं मोकळं वाहताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. नवरा बोलेल हे माहीत असूनही तिने तुला थांबवलं नाही, कारण तिला ते संपायला नको होतं. मग तिने विचारलं, तुमच्याकडे रोज एवढं ओततात? आणि तू तुझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सुरू झालीस. गंगेचा पूर, घाटावरचं धुणं, लहानपणी पैज लावून पुलावरून मारलेली उडी आणि त्यापायी आजोबांचा खाल्लेला मार. सूर्य मावळला तेव्हा तू उठलीस. काकी म्हणाली, अजून राहिलंय ना? उद्या ये.

एवढंच? एवढ्यासाठी राहिलीस? आधी मला हसू आलं, मग फार वाईट वाटलं. तू जगाच्या नद्यांची चौकशी करायचीस, पण तुझ्या नदीबद्दल तुला घरात कधी कुणी विचारलं होतं का? आणि तू पुलावरून उडी मारलीस? तुला पोहता येत होतं? मला साधं पाण्यात पाय बुडवू द्यायची नाहीस तू! थोडा राग आलाय तुझा, सांगून ठेवते.

मी काकीला म्हटलं, आणखी काय काय सांगायची आई? ती म्हणाली, सहा वर्षं बोलत होती ती, फोनवर कसं मावेल? तूच ये.

तर मी निघालेय, आई. रजा मागितली आहे. काकीच्या ओट्यावर बसेन आणि ती सांगेल ते सगळं ऐकेन. मध्ये तोंड घालणार नाही, हे वचन. मला ते किती जड जाईल, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तुझं सगळं लहानपण तिच्याकडे ठेवून आलीस ना, ते घेऊन येते.

तुझीच,
मनू