व्याहीबुवा, मी शर्यत सोडली नव्हती

जोहे, तालुका पेण
मंगळवार

रोह्याचे माननीय व्याही हरेशराव यांना जोह्याच्या जनूचा हात जोडून रामराम.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंची शुगर आटोक्यात आहे ना? निकेशची रात्रपाळी संपली, असं मृणालीकडून कळलं. बरं वाटलं. व्याह्यांना पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. पोरांचं लग्नसुद्धा आपण फोनवर ठरवलं होतं. पण हल्ली तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या येतात (निळा रंग मी कारखान्यात रोज गणपतीच्या शेल्यांना लावतो, पण इतका थंड निळा कधी पाहिला नव्हता). म्हणून कागद घेतला. लिहिताना काही कमीजास्त झालं तर मुलीचा बाप म्हणून सांभाळून घ्या.

विषय तुम्हाला माहीत आहेच. आपल्या सायकल क्लबच्या पेण ते रोहा शर्यतीत पन्नाशीपुढच्या गटात तुमचा पहिला नंबर आला आणि माझा दुसरा. त्यानंतर आठवडाभरात तुमचा कप वर्तमानपत्रात गुंडाळून निकेशच्या हाती आमच्या घरी आला. तुमचा निरोप असा होता की, दान म्हणून मिळालेली वस्तू आम्ही घरात ठेवत नाही. जावई मान खाली घालून चहा प्यायला आणि दुसरा कप न घेता गेला. व्याहीबुवा, त्या दिवसापासून मी हेच सांगायला धडपडतोय की मी तुम्हाला जिंकू दिलेलं नाही. तुम्ही मला हरवलंत. अगदी व्यवस्थित हरवलंत.

आता पुरावा म्हणून मला माझा नीचपणा तपशीलवार सांगावा लागेल, तो शांतपणे वाचा. आदल्या दिवशी मृणालीच्या आईने मला बजावलं होतं हे खरं. पोर त्यांच्या घरात नांदतेय, व्याह्यांच्या पुढे सायकल काढायची नाय, असं ती म्हणाली आणि मी मान डोलावली. रविवारच्या साध्या फेरीला मी तसाच वागतो. कासूपर्यंत गप्पा मारत जायचं, वडापाव खायचा आणि परतायचं. त्यात कोण पुढे नि कोण मागे? पण पाठीवर नंबर लागला की मला काय होतं ते सांगता येत नाही. दिवसभर मूर्तींपुढे वाकून बसणारा, कुणाला मोठ्याने न बोलणारा माणूस मी. त्या चौकोनी कापडाच्या चार टाचण्या लागल्या की छाती अशी धडधडते की दहावीच्या निकालालाही तशी धडधडली नव्हती. पेणच्या बाहेर पडेपर्यंत मृणालीच्या आईचे शब्द लक्षात होते. वडखळला ते निम्मे उरले. पुढे मिठागरांच्या मोकळ्या पट्ट्यात समोरून वारा आला तेव्हा मी तुमच्या मागच्या चाकाला चिकटलो आणि नागोठण्यापर्यंत तिथून हललो नाही. सगळा वारा तुम्ही अंगावर घेतलात. तुम्ही एकदा मागे वळून हसलात. तुम्हाला वाटलं असेल, व्याही मान देऊन मागे राहतात. व्याही दम वाचवत होते.

नागोठण्यात गतिरोधकावर तुमची चेन पडली. "व्याही, काही मदत?" असं मी विचारलं, हे तुम्हाला आठवत असेल. ते मी मागे बघत, चालत्या सायकलवरून विचारलं आणि तुमचं उत्तर ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर गेल्यावर सायकल उभ्याने हाणायला लागलो. ज्याला हरायचं असतं तो माणूस तिथे थांबतो, हात काळे करतो, चेन बसवून देतो. मला तर तेव्हा आनंद झाला होता. (हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा राहू दिलं, कारण माझ्याजवळचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.)

आणि मग भिसे खिंड. चढ निम्मा झाला, मागून टायरचा आवाज आला आणि मला कळलं की तुम्हीच. एवढी वर्षं एस.टी. त्या रस्त्याने चालवलेला माणूस. कुठलं वळण कुठे सैल सोडायचं हे तुमच्या अंगात मुरलेलं. तुम्ही बाजूला आलात, तोंड लालबुंद, आणि ओरडलात, "जनू, ये की! दम हाय का नाय?"

तुम्ही मला जनू म्हणालात. लग्नाच्या बैठकीपासून तुम्ही मला व्याही म्हणता, मी तुम्हाला. तुमच्याकडे आलो की मी खुर्चीच्या कडेवर बसतो, तुम्ही पंखा माझ्याकडे वळवता आणि आपण हवापाण्यावर बोलतो. दोघंही घड्याळ बघतो. मुलीचा बाप म्हणून मी जरा वाकून, मुलाचा बाप म्हणून तुम्ही जरा ताठ, आणि मला वाटतं, दोघांचीही पाठ दुखते. खिंडीत ते सगळं गळून पडलं. मीही ओरडलो, "हरश्या, थांब, दाखवतो!" (याची माफी मागावी की नाही ते अजून ठरत नाही.) उतारावर आपण जोडीने सुटलो. खाली रस्ता सरळ झाला तिथून मी जीव खाऊन पॅडल मारले. डोळ्यांपुढे अंधारी आली, मृणाली आठवली नाही, तिची आई आठवली नाही, मी कुणाचा बाप आहे हेही आठवलं नाही. बाजूला एक माणूस होता आणि तो माझ्याइतकाच वेडा होता. एवढंच कळत होतं. माझ्या वयात असं सुख पुन्हा मिळेल असं मला वाटलं नव्हतं. शेवटच्या रेषेवर तुमचं चाक हातभर पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीला बसलो तर ब्रश बोटांत ठरेना. एका बाप्पाचे डोळे तिरळे आले, ते पुसून पुन्हा काढावे लागले. सोडून दिलेल्या शर्यतीने हात असे थरथरतात का?

पुढचा घोळ मृणालीच्या आईने केला. रेषेपाशी विहीणबाईंचा हात धरून ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्यांनी मुद्दाम सोडली हो! व्याह्यांचा मान!" ती प्रेमाने बोलली. मी रस्त्याकडेला वाकून ओकत होतो, म्हणून नुसता नाही नाही असा हात हलवला. लोकांना तो विनय वाटला. क्लबचा कप्तान साईराज याने तर टाळ्या वाजवल्या. तुमचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि तुम्ही जेवायला न थांबता निघून गेलात. तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगतोय की बाबा, मी खरंच हरलो. जितकं सांगतो तितका मी मोठा होतो. "बघा, अजून कबूल करत नाय, केवढं मन!" असं म्हणत परवा पेणच्या बाजारात एकाने माझ्या पाया पडायचं बाकी ठेवलं होतं. शेवटी घरी मृणालीच्या आईला बसवून सगळं सांगितलं. तिला खरंच वाटत होतं की मी तिचं ऐकलं. ती म्हणाली, "ऐकलंत पण नाय आणि जिंकलात पण नाय?" त्यानंतर दोन दिवस आमच्याकडे नुसती डाळ होती.

डाळीचं काही नाही. पण मृणाली फोनवर हळू बोलते. तुम्ही तिच्याशी चांगलेच वागता, ते ती सांगते. फक्त तिने पेणचं नाव काढलं की तुम्ही पाणी प्यायला उठता म्हणे. पोरीला दोन घरांच्या मध्ये उभं करू नका. आणि थोडं माझ्यासाठीही ऐका. मी सोडली असं तुम्ही धरून बसलात तर खिंडीनंतरचा तो रस्ता खोटा ठरतो. मग तिथे जनू नि हरेश नव्हतेच, दोन व्याही मानपान करत होते. माझ्याकडून तो कप नेलात तरी चालेल, न नेलात तरी चालेल, पण तेवढा रस्ता परत घेऊ नका.

विहीणबाईंना नमस्कार, निकेशला आशीर्वाद. उत्तर कार्डावर एका ओळीत दिलंत तरी पुरे.

तुमचा,
जनू

ता. क. लिहायचं खरं कारण राहिलंच. चढाच्या शेवटच्या वळणावर तुम्ही गिअर बदलला नाहीत आणि तरी माझ्यापुढे गेलात. ते कसं केलंत? मला शिकवाल का? पुढच्या शर्यतीत मला तुम्हाला हरवायचं आहे आणि या कामासाठी तुमच्याइतका जाणता माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही.

दुसरा ता. क. (अक्षर बदललंय, कारण पाकीट बंद करायच्या आधी पत्र मी काढून घेतलं.) व्याहीबुवा, मृणालीची आई लिहितेय. ओरडले मी, आणि रुसलात यांच्यावर, हा कुठला न्याय? रुसायचं तर माझ्यावर रुसा, पण ते इथे येऊन. खाडीचा जिताडा मासा सांगून ठेवलाय. रविवारी विहीणबाईंना घेऊन या आणि पोटभर रुसा.