न पोचता मिळालेलं पदक

रविवार, ७ डिसेंबर

पाय गरम पाण्यात घालून लिहितेय. पोटऱ्यांत काटे आहेत, टाचणीने एकेक काढणं चालू. राग टाचणीने निघत नाही.

आज क्लबच्या डोंगर-दौडीत माझी पहिली एकवीस किलोमीटर पुरी व्हायची होती. गेल्या वर्षी वरच्या खिंडीतच मुदत संपली आणि मला जीपमध्ये घालून खाली आणलं. वर्षभर लॅब उघडायच्या आधी किल्ल्याच्या रस्त्यावर चढ-उतार केले, उदगीरच्या कुत्र्यांना माझ्या बुटांचा वास ओळखीचा झाला. आज खिंड वेळेत ओलांडली. देवणीच्या शीलाला यंदाही खिंडीत थांबवलं, मला नाही. शेवटच्या उताराला लागले तेव्हा मुदत संपायला चिक्कार वेळ होता. खालचा लाऊडस्पीकर ऐकू येत होता.

मागे माधव सर. लोह्याचे, रिटायर पीटी टीचर, क्लबचं कायमचं शेपूट. शेपटाचं काम एवढंच, की शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं आणि वाट दाखवायला झुडपांना बांधलेल्या पिवळ्या रिबिनी सोडत यायचं. रिबिनी फक्त शेपटाने सोडायच्या, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि शेपूट खाली आल्याशिवाय पोह्यांच्या पातेल्यावरचं झाकण निघत नाही. क्लब सुरू झाल्यापासूनचा नियम. शेवटचा माणूस एक तर मी नाही तर शीला, त्यामुळे नियम मला तोंडपाठ.

बाभळीपाशी दोन वाटा फुटतात, तिथे रिबीन नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. वाट यंदा नवी, सरांनाही माहीत नव्हती. म्हणाले, "वाऱ्यानं गेली आसंल. उजवीकडं चला." पुढे गेलो, पुढेही नाही. परत फिरावं की नाही यात वेळ गेला. सर मुरमावरून घसरले, कोपर फोडून घेतलं. फोनला रेंज नाही. शेवटी उतरलो ते डोंगराच्या भलत्याच अंगाला, कुणाच्या तरी तुरीत. मालक तूर कापत होता.

"कुठनं पडलाव वो हिकडं? मान्सं तर तिकडं खायलेत की."

त्यानेच मोटरसायकलवर तिघं बसवून पलीकडे सोडलं. मंडप उतरवत होते. पातेली पालथी. आणि अध्यक्ष अण्णा मला विचारतात, "ताई, तुम्ही आजून वरच होताव का?"

सोमवार, ८ डिसें.

सकाळी लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग. एक आजोबा म्हणाले, "ताई, आज सुई जोरात मारली की वो." खरंच मारली असणार. माफी मागितली.

दुपारी ग्रुपवर फोटो आले. 'डोंगर स्वच्छता मोहीम'. प्रमुख पाहुणे, पांढरे कपडे, पांढरे बूट, हातात मूठभर पिवळ्या रिबिनी. शेजारी अण्णा झुडपातून आणखी एक सोडतायत. दोघेही कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. मागे ती बाभूळ. तीच.

म्हणजे वारा नव्हता. आम्ही वर असताना यांनी आमची वाट सोडून घेतली, पर्यावरणासाठी. खाली नव्वद जणांचे अंगठे.

त्याच्याखाली निकाल. त्यात माझं नाव. वेळेत पूर्ण. पुढे वेळसुद्धा टाकलीय, सेकंदासकट. त्या सेकंदाला मी तुरीत उभी होते.

बुध., १० डिसें.

दोन दिवस डोकं थंड व्हायची वाट बघितली. झालं नाही. फोन केला.

"अण्णा, फाट्यावरच्या रिबिनी का काढल्या?"

"पाव्हन्यांना निघायचं होतं ताई. फोटोपुरत्या काढल्या चार-दोन."

"फाट्यावरच्याच?"

"तिथं उजेड चांगला होता."

उजेड. मग निकालाचं विचारलं.

"खिंड वलांडलेला हरेक माणूस पोचला, असं स्टेजवरून जाहीर केलं होतं. मग एका माणसापायी कसं बदलायचं? आन् तुम्ही पोचनारच होताव की. वेळ मी जरा हात राखूनच टाकलाय."

म्हटलं, पोचणार होते म्हणजे पोचले नाही. माझं नाव काढा. तर म्हणाले, "तुमचं चांगलंच केलंय ना ताई?"

हे ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं केलंय म्हणे. वर्षभर पाय माझे दुखले, आणि पोचवलं यांनी. बसल्या जागेवरून.

शुक्र., १२

पदक घरी आलं. दिलीपच्या, म्हणजे ह्यांच्या, दुकानावर कोणी तरी आणून दिलं. हे संध्याकाळी खुशीत आले, टीव्हीवर लटकवलं. मी काढलं. ह्यांनी परत लावलं. मी परत काढलं. सासूबाई मध्ये बसून मालिका बघत होत्या, म्हणाल्या, "कायतरी एक ठरवा, मला दिसंना."

दिलीपचं म्हणणं: त्यांची चूक आहे ना, मग त्यांनी भरपाई दिली असं समज. ह्यांच्याकडे ट्रॅक्टरचा पार्ट खराब निघाला की बदलून देतात, तसं. मी म्हटलं, मला बदलून नको, माझा मला पाहिजे. ह्यांना कळलं नाही. की कळलं आणि वाद नको होता.

रविवार, १४ डिसें.

लातूरला बैठक, अण्णांच्या क्लासमध्ये. आम्ही बाकांवर, अण्णा फळ्यापुढे. मागे फळ्यावर गतीचे नियम लिहिलेले. पळणाऱ्या माणसांना बाकावर बसवायचं आणि आपण उभं राहून बोलायचं.

पदक त्यांच्या टेबलावर ठेवलं. म्हणाले मी, दोनच गोष्टी पाहिजेत. रिबिनी आपण काढल्या हे सगळ्यांपुढे सांगा, आणि माझं नाव निकालातून काढा.

मग सुरू झालं. क्लबात दोन गट. नांदेडकर म्हणाले रिबिनी लातूरवाल्यांनी काढल्या. लातूरकर म्हणाले पाहुणा नांदेडवाल्यांनी आणला. पाहुणा उशिरा का आला, त्याचा हार कोणी आणायचा होता, गेल्या वर्षी टी-शर्टवर नांदेडचं नाव बारीक अक्षरात का होतं. तासभर. माझं नाव एकदाही नाही. बाकावर बसून मी त्या गतीच्या नियमांकडे बघत होते.

शेवटी अण्णा: "निकाल पुढं सरकारी हापिसात गेलाय. एक बाई आन् एक शेपूट डोंगरावर ऱ्हाईलं असं लिहून द्यावं का? म्होरच्या टायमाला परवानगी कोन दील?"

मी सरांकडे बघितलं. कोपराला पट्टी. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मिठाची गुळणी धरून बसले. बाहेर आल्यावर चप्पल घालता घालता म्हणाले, "जाऊ द्या ताई. लई वाढवू नका. माझी जायची जागा हीच एक ऱ्हाईलीय बगा."

राग आला. सरांचा जास्त आला. अण्णांकडून अपेक्षाच नव्हती.

पदक तिथेच सोडून आले.

बुध., १७

पदक परत दुकानावर.

मंगळ., ६ जाने.

ग्रुपवर घोषणा. रविवारी १ फेब्रुवारीला दुसरी फेरी, डोंगर तोच, वाट तीच. आणि खाली 'सुरक्षा धोरण'. जसंच्या तसं उतरवते, नाही तर पुढे मलाच खरं वाटणार नाही:

"एका सदस्येच्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन, मागील फेरी वेळेत पूर्ण केलेल्यांनाच लांब पल्ल्यात प्रवेश राहील. इतरांसाठी पाच किलोमीटरची आनंद-दौड."

आनंद-दौड! रिबिनींबद्दल चकार शब्द नाही. चूक यांनी केली, डोंगर हळू चालणाऱ्यांचा बंद. आणि पावती माझ्या नावाने फाडली.

ती सदस्या कोण हे विचारायला सकाळपासून तिघींचे फोन. शीलाचा नाही आला. ती विचारणार नाही, तिला माहीत आहे.

बुध., ७ जाने.

रात्री नीट झोप नाही. पहाटे किल्ल्याच्या रस्त्यावर पळताना एकदम लक्षात आलं. मागची फेरी 'वेळेत पूर्ण' केलेल्यांच्या यादीत मी आहे. मला बंदी नाहीच. ज्यांनी खोटं लिहिलं त्यांच्याच लिहिण्यावर मला प्रवेश. आणि नाव काढून घेतलं की मीही आनंद-दौडीत.

रस्त्यातच उभी राहिले. दूधवाला म्हणाला, "मॅडम, लचकलं का?"

शनि., १० जाने.

देवणीला जाऊन आले. न जाता चालणारच नव्हतं.

शीला गोठ्यात होती. दोन वर्षांपूर्वी मीच हिला ओढून आणलं. घरचं सगळं उरकून ही बांधावरून पळते, सासरे पोरांना सांगतात, आई डॉक्टरनं सांगितलं म्हणून पळते. दोनदा खिंडीत थांबवलीय. प्रत्येक वेळी जीपमध्ये बसताना म्हणते, पुढच्या टायमाला.

चहा दिला. नजर दिली नाही.

"तुमचं बरं हाय ताई. तुमचं नाव हाय वर."

"मी काढायला सांगितलंय शीला. पहिल्या दिवसापासून."

"मग निघालं का?"

"नाही."

"मग पळा की. कशाला आमच्या दारात येऊन ऱ्हायल्या." कप उचलत म्हणाली, "आमाला निदान खिंडीपतूर तर जाऊ देत व्हते. तेबी गेलं आता. तुमचं भांडन खरं आसंल, आमाला काय घावलं त्यातनं?"

परतीच्या बसमध्ये अण्णांवर चिडले, सरांवर चिडले, शेजारी बसलेल्या बाईने खिडकी उघडली म्हणून तिच्यावर चिडले.

गुरु., १५ जाने.

काल संक्रांत. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, पदक दाखवा की. सासूबाईंनी काढून दाखवलं. कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवलेलं यांना सापडलं कसं? सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं. एक म्हणाली, "जड हाय की." मी तिळगूळ वाटत राहिले. गोड बोला म्हणताना दात दुखले.

रवि., १८ जाने.

डोंगरावर जाऊन आले, एकटी. नाव काढावं तर पळायला मिळणार नाही. नाव ठेवावं तर पळण्यात काय राहिलं? दोन्ही बाजूंनी अण्णाच जिंकतात, आणि त्यांना तर आपण खेळतोय हेही माहीत नाही.

उतार मात्र चांगला जमला आज. गुडघा बोलला नाही. फेब्रुवारीत मी वेळेत पोचू शकते. खरोखर. हे कळल्यामुळे जास्त वाईट वाटलं.

शुक्र., २३

अण्णांना पुन्हा फोन. नाव काढा म्हटलं, नाही तर सगळ्यांना सोडा. म्हणाले, "ताई, तुम्हाला तर परवानगी हाय. मग त्रास काय हाय तुम्हाला नेमका?"

त्रास काय आहे नेमका. फोन ठेवला आणि ओट्यावर हात टेकून रडले. संतापाने. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचं पिठलं झालं.

शनिवार, ३१ जाने.

दुपारी लातूरला जाऊन छातीवर लावायचा नंबर घेतला. टेबलावरच्या मुलीने यादीत बघितलं, हसली, "ताई, तुम्ही लांबच्यात." हात पुढे केला आणि घेतला. घेताना एक शब्द बोलले नाही. येताना बसमध्ये पिशवी मांडीवर, आत नंबर. स्वतःचाच इतका राग कधी आला नव्हता.

घरी आले, बूट काढले नाहीत, तशीच ओसरीत बसून ग्रुपवर लिहिलं. खोडलं, परत लिहिलं. शेवटी हे टाकलं:

"७ डिसेंबरला मी पोचले नव्हते. फोटोसाठी फाट्यावरच्या रिबिनी काढल्या म्हणून मी आणि माधव सर चुकलो. निकालातली माझी वेळ खोटी आहे. त्या वेळेवर मला उद्या सोडत असाल तर शीलालाही सोडा, आणि थांबवलेल्या सगळ्यांना. नाही तर मलाही अडवा. उद्या मी लांबच्या रांगेत उभी राहणार आहे."

निळ्या खुणा भराभर उमटल्या. माधव सरांनी वाचलं, त्यांचं नाव दिसलं. काही लिहिलं नाही. अण्णा काही तरी लिहितायत असं दिसलं, थांबलं, परत दिसलं, बंद झालं. बाकी सगळे गप्प. एरवी सकाळी सुप्रभातची फुलं टाकणारे पन्नास जण.

दिलीपने वाचलं. मला वाटलं, आता बोलणार. म्हणाले, "उद्या अडवलं तर?"

"तर अडवतील."

"गाडीत डिझेल टाकून येतो," म्हणाले आणि गेले.

भाकऱ्या टाकत होते तेव्हा फोन वाजला. अण्णांचा असेल म्हणून पिठाच्या हाताने उचलला. शीला होती. मागे म्हशीचा आवाज.

मग म्हणाली, "देवणीच्या फाट्यावर किती वाजता यिऊन थांबू?"