आधी हाक

प्रिय आई,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण तुम्हाला दुसरं काही लिहायची सवय नाही. त्या दिवशी कोर्टात तुम्ही माझ्याकडे बघायचं टाळलंत. मी मात्र बघितलं. चष्म्याची काडी अजून दोऱ्यानेच बांधलेली आहे. तुमच्या चिरंजीवांना आईचा चष्मा नीट करून आणायला वेळ नाही, पोरीचा ताबा मागायला बरा मिळाला.

तुम्ही शपथेवर सांगितलंत की रोपवाटिकेतलं हे घर लेकराला राहण्याजोगं नाही, इथे विषारी साप निघतात. निघतात की. कुंड्यांची ओल आली की बेडूक येतात आणि बेडकांमागे ते येतात. पण हे मला शिकवलं कोणी? लग्न होऊन आले तेव्हा मी गोगलगाय बघून किंचाळणारी बाई. पायात घालण्याआधी बूट उलटे करून आपटायला तुम्ही लावलंत. कुंडी हलवायची ती आकडीने, खाली बोटं घालून नाही. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी, मोरीच्या तोंडाला जाळी, विटांची चळत भिंतीपासून लांब, झोपायचं खाटेवर आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून. मांजराचं खाऊन झालं की वाटी लगेच उचलायची, नाहीतर उंदीर येतात आणि उंदरांमागे पाहुणे. तुम्ही त्यांना पाहुणेच म्हणायचात. आणि चावलंच कुणाला, तर बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच नाही. माणसाला हलू न देता गाडीत घालून थेट दवाखाना. तुमचा स्वयंपाक शिकायच्या आधी मी हे शिकले. याच घरात तुमचे चिरंजीव रांगले, आणि आजवर त्यांना मुंगीशिवाय काही चावलेलं नाही.

तुमच्या नातीला, भिंगरीलाही तुम्हीच शिकवलंत. 'हात नाही, पाय नाही, आधी हाक.' बोबडं बोलायची तेव्हापासून घोकते आहे. म्हणून तर खताच्या पोत्यांपाशी नाग दिसला तेव्हा ती पुढे गेली नाही, काठी उचलली नाही. सरदार तिच्या कडेवर होता, त्या बोक्याला घट्ट धरून मागे सरकली आणि मला हाक मारली. सर्पमित्र आले, नाग घेऊन गेले. पोरीची छाती अशी फुगली होती. बापाला फोनवर तिखटमीठ लावून सांगितलं. बापाने शाबासकी दिली, गोडीगोडीने सगळं पुन्हा वदवून घेतलं आणि ते घेऊन वकिलाकडे गेला. लेकीने केलेलं शहाणपण त्याने लेकीलाच तोडायला वापरलं. आणि त्यावर तुम्ही मान डोलावलीत.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. मुलाच्या घरात सातव्या मजल्यावर राहायचं, त्याच्या ताटातलं जेवायचं, तर त्याला नाही कसं म्हणणार. कळतं सगळं, पण माफ करवत नाही. सासूवर राग धरायला मला कधी वेळच झाला नाही. ज्या बाईने मला या घरात उभं केलं तिचा राग येतो, आणि तो गिळताही येत नाही.

आता पत्र का लिहिते ते सांगते. कोर्टात काय झालं ते भिंगरीला तिच्या बापानेच ऐकवलं. तेव्हापासून तिच्या तोंडी सापाचं नाव नाही. मला वाटलं, बरं आहे, सध्या शांत दिसतंय सगळं. काल सकाळी सरदार पाण्याच्या टाकीमागे पडलेला सापडला, पाय सुजून टम्म. जनावरांच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत गेला. पोर रडली नाही, जेवलीही नाही. संध्याकाळी माझ्या पदराशी येऊन म्हणाली, टाकीमागे घोणस तिने आदल्या दिवशीच बघितली होती. का नाही सांगितलंस, विचारलं. तर म्हणे, सांगितलं की आजी कोर्टात सांगते आणि मग मला इथून नेतात. त्या टाकीचा नळ मी रोज वाकून सोडते, आई. तुम्हीही वर्षानुवर्षं तसाच सोडलात.

घोणस पकडून नेली. निकाल काय लागायचा तो लागो, साक्ष फिरवा असं मी म्हणत नाही. भिंगरीला एक फोन करा. तू सांगितलंस ते चुकलं नव्हतं, एवढंच म्हणा. मी सांगून थकले, ती नुसती मान हलवते. शिकवलं तुम्ही आणि मोडलंही तुम्हीच, तेव्हा जोडायलाही तुमचंच तोंड लागणार. आज शाळेतून आल्यावर तिला विचारलं, बागेत काही दिसलं का गं. नाही म्हणाली. आणि मी माझ्याच लेकीचा शब्द खरा न मानता, हातात टॉर्च घेऊन सगळं घर पालथं घातलं.

तुमचीच,
सून
(कोर्टाच्या कागदांत 'प्रतिवादी')