तिसऱ्या मजल्यावरचा दिवा

१६ एप्रिल २००९, गुरुवार. लातूर

परत थांबलं. दुपारच्या तासाला रेणुकादास सर पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजले. मागे फळ्यावर बेंझीनचं कडं अर्धवट. वर्गातली पोरं हसली, मग एकानं शिट्टी मारली. खरेखुरे सर तेव्हा दारातच उभे होते.

क्लास सरांचा, मशीनं माझ्याकडे. सरांचे तास आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो, म्हणजे एकाच वेळी पाच वर्गांत सर शिकवतात. सगळा साठा जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. तिथल्या नेटवर्क स्विचमधून, म्हणजे जोडण्या वाटणाऱ्या डब्यातून, रस्त्याखालून फायबर केबल जाते ती नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या स्विचला. तिथून वर्गांत. गुढीपाडव्यानंतर दोन्ही स्विच नवे आणले. हट्ट माझा — जुने फार हळू होते.

आणि आता हे. जोडणी तुटते, आपोआप जुळते, परत तुटते. परीक्षा तोंडावर आली आहे.

१७ एप्रिल

लाइट गेल्यामुळे होत असेल असं वाटलं होतं. नाही. आज दिवसभर लाइट होती, तरी तुटली.

१८ एप्रिल, शनिवार

पुण्याच्या इंजिनिअरला फोन. ऐकून घेतलं न घेतलं आणि म्हणाला, ‘स्विच फॉल्टी असणार मॅडम. दोन्ही काढून पाठवून द्या.’ परत कधी येतील? ‘तीनेक आठवडे धरा.’ तोवर पोरं परीक्षा देऊन घरी गेलेली असतील.

सरांनी पालकसभेत सगळ्यांसमोर विचारलं, ‘जुनं चालत होतं ना? मग हे कुणाच्या हट्टापायी आलं?’ नाव घेतलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं, ‘एक तारखेपासून हे काम पुण्याची कंपनी बघंल. तुम्ही ॲडमिशनच्या काउंटरला बसा, मालविका मॅडम.’

घरी यज्ञेशला सांगितलं. तो म्हणाला, ‘बरंय की. पाचला घरी येशील.’ त्याच्या पाटबंधारे ऑफिसात पाचला घरी येणं म्हणजेच नोकरी. त्याला वाईट बोलायचं नव्हतं, मला माहीत आहे. तरी जेवले नाही.

आईंनी — म्हणजे सासूबाईंनी — ताट झाकून ठेवलं.

२० एप्रिल

रडून झालं. आता पद्धतशीर.

स्विच स्वतःच मोजत असतो, आलेल्या माहितीत किती वेळा खराबी निघाली ते. तो आकडा पुसून शून्य केला. चहा पिऊन आले तर हजारोंनी चुका. केबल जिथं स्विचला लागते ते मॉड्यूल बदललं, तरी चुका. दुसऱ्या पोर्टला लावलं — चुका तिकडे गेल्या. भिंतीपासून स्विचपर्यंतच्या छोट्या कॉर्ड दोन्हीकडे नव्या घातल्या, टोकं पुसली. तेच.

पण त्याच स्विचवरच्या, इमारतीतल्या इमारतीत असलेल्या जोडण्या? एकही चूक नाही. स्वच्छ.

मग स्विच कसा काय बिघडलेला?

२२ एप्रिल

दोष रस्त्याखालच्या केबलच्या वाटेवर आहे. एवढं नक्की. पण केबल तुटलेली नाही, नाहीतर अजिबातच चाललं नसतं. आणि जुन्या स्विचवर हीच केबल कित्येक वर्षं मुकाट चालली. डोकं भणभणतंय.

२३ एप्रिल, गुरुवार

सापडलं. बहुतेक सापडलं!

भिंतीतून केबल जिथं बाहेर येते तिथं आज टॉर्च घेऊन बसले. केशरी आवरणावर बारीक अक्षरं होती. आतला काचेचा धागा जुन्या जाडीचा. स्विचच्या पुस्तकात बघितलं — असल्या केबलवर नव्या पूर्ण वेगानं सत्तर मीटरपर्यंतच उजेड धड पोचतो. निम्म्या वेगानं दीडशेपर्यंत.

दोन इमारतींत रस्ता तेवढा आडवा. मला वाटायचं पन्नास मीटर असेल. केबल टाकली होती ईश्वरप्पानं, क्लासच्या इलेक्ट्रिशियननं. त्याला गाठलं.

‘सरळ न्हाई गेली म्याडम ती. मधी गटार, मग पाण्याची लाइन. वळसा घालून नेली. शंभराच्या वर भरंल.’

त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

नवे स्विच एकमेकांशी बोलून आपणच सगळ्यात मोठा वेग पकडतात. तो या केबलला झेपत नाही, म्हणून धाप लागते, तुटते. जुने स्विच हळू होते म्हणूनच टिकत होते. वेग हातानं निम्म्यावर आणून बांधून टाकायचा. निम्मा झाला तरी जुन्याच्या दुप्पट!

सरांना सांगायला गेले. ‘क्लास चालू असताना हात लावायचा नाही.’ बरं. रविवार आणि सोमवारची अक्षय तृतीया, दोन दिवस सुट्टी आहे. तेव्हा.

२५ एप्रिल

अडचण. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी उभं पाहिजे. वरच्या स्विचला दुरून बघायची लाइन अजून ओढलेली नाही. तिथली कॉर्ड काढून बसवायची, दिवा पिवळाच आहे की जुळून हिरवा झाला ते सांगायचं. मी खाली साठ्यापाशीच लागणार. माझ्या हाताखालचा शिवम स्वतःच्याच लग्नाला गेलाय. वॉचमन नरसिंगला फाटक सोडायची परवानगी नाही. यज्ञेश निलंग्याला, चुलतभावाच्या हळदीला.

२६ एप्रिल, रविवार

सगळं लिहायचंय.

सकाळी निघाले तर आई चप्पल घालून दारात. ‘सुट्टीच्या दिवशी मोकळ्या इमारतीत एकटी काय करणारेस? मी बसते तिथं.’ रिक्षात त्यांना सहज सांगितलं काय अडलंय ते. उतरताना म्हणाल्या, ‘दिवाच बघायचाय ना? मी बघते.’

मी म्हणाले, ‘आई, तिसऱ्या मजल्यावर आहे.’

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी त्या औशाकडच्या एका खेड्यात शाळेवर होत्या. गणपती विसर्जनानंतरची ती पहाट. चौथीचा वर्ग त्यांचा. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली तेव्हा निम्मी मुलं होती. हे मला यज्ञेशनं सांगितलंय, त्यांनी कधीच नाही. तेव्हापासून त्या जिना चढलेल्या नाहीत. आमच्या लग्नाचं कार्यालयसुद्धा तळमजल्याचं शोधलं होतं.

आई रिक्षावाल्याकडे बघत म्हणाल्या, ‘ऐकलं मी. कितवा दिवा ते सांग.’

चित्र काढून दिलं. डावीकडून पाचवा. कॉर्डचं बोंड दाबून ओढायचं, आवाज होईपर्यंत आत घालायचं, टोकात डोळा लावून बघायचं नाही. मोबाइल चालू ठेवला आणि मी जुन्या इमारतीत आले.

कानाला फोन. नुसता श्वास. मग तोही नाही.

‘आई?’

‘पायऱ्यांवर आहे.’

‘परत या. मी दुसरं काहीतरी बघते. खरंच.’

पलीकडे कुठंतरी पारवे घुमत होते. मग त्या हलक्या आवाजात, एकेक करून नावं घेऊ लागल्या. मुलांची नावं. एक नाव, एक पायरी असं असावं. मी डोळे पुसत बसले, समोर कॉम्प्युटरचा काळा पडदा आणि माझी आज्ञा अर्धी टाइप केलेली.

‘आले वर. कुठंय तुझा डबा?’

काढलं, बसवलं. ‘टक् झालं.’ मी वेग निम्म्यावर बांधला.

‘पिवळा.’

थांबले.

‘पिवळाच आहे. ... मालविका, हिरवा झाला. अगं हिरवा झाला.’

चुकांचा आकडा शून्य. आता खरी परीक्षा — पाचही वर्गांचे तास एकदम सुरू केले, सगळ्यांत जड फायली ओढायला लावल्या. आई मध्येमध्ये हजेरी घेतल्यासारखं सांगत होत्या, ‘हिरवा. ... हिरवा. ... अजून हिरवा.’ दुपार झाली. शून्य. शून्यच!

मी धावत वर गेले. त्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या, पदरानं वारा घेत. ‘इथून गंजगोलाई दिसते,’ म्हणाल्या. ‘वरून अशी गोल असते होय.’

घट्ट मिठी मारली. लग्नाला सहा वर्षं झाली, पहिल्यांदाच. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, ‘भूक लागली आता.’ गोलाईच्या बाजारात जाऊन दोघींनी मिरची भजी आणि लस्सी. त्यांनी भजी परत मागवली.

२८ एप्रिल, मंगळवार

दिवसभर तास चालले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सर एकदाही थिजले नाहीत. बेंझीनचं कडं पूर्ण झालं. चुका शून्य.

पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, ‘हा तात्पुरता इलाज झाला मॅडम.’ मी म्हणाले, हो, झाला. सुट्टीत नवी केबल ओढू, मग पूर्ण वेग. स्विच मात्र तुमच्याकडे येणार नाहीत. मग तोच म्हणाला, ‘काय काय केलं ते ई-मेलनं पाठवता का? दुसऱ्या एका ठिकाणी असंच होतंय.’

पाठवलं. खाली पूर्ण नाव लिहिलं.

३० एप्रिल

सरांनी स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर: ‘मी त्या दिवशी चार लोकांत बोललो, म्हणून आजही चार लोकांत बोलतो. मॅडम बरोबर होत्या.’

काउंटर रद्द. आणि — जूनमध्ये नांदेडला शाखा निघतेय. तिथली मशीनरूम पहिल्या खिळ्यापासून मी उभी करायची. माझ्या हाताखाली तीन माणसं. माझं माहेरचं गाव! निदान दोन वर्षं तिथं राहावं लागेल.

यज्ञेश ऐकून म्हणाला, ‘छानच की.’ मग भात कालवत, ‘पण आईचं कोण बघणार?’

आई ताक घुसळत होत्या. उद्या सरांना ‘नाही जमणार’ म्हणून सांगायचं, असं ठरवून झोपले.

१ मे

क्लास बंद होता. सांगायचं राहिलं.

२ मे, शनिवार

सकाळी आईंनी चहा गाळता गाळता यज्ञेशला सांगितलं, ‘कुकरला तीन शिट्ट्या, वरणाला एक जास्त. शिकून घे.’ त्यांच्या शाळेतल्या जुन्या मैत्रीण गौरम्मा नांदेडला राहतात. आईंनी काल त्यांना फोन करून घर बघून ठेवायला सांगितलंय. आम्हा दोघींसाठी.

यज्ञेशला आत्ता कळलं. मलाही आत्ताच.