काकूच्या घरून निघालेलं विमान

तेलीबांधा, रायपूर
रविवार, रात्रीची जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप गोदूआत्याच्या दोन्ही पायांवर (दुखऱ्या गुडघ्याच्या पायावर जरा हलकेच) डोकं ठेवून भार्गवचा नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेल. नसली तरी इथं सगळे ती बरी आहे असं धरून चालले आहेत, कारण तुझा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे अनंतराव काका, फोनवर तुले "कशी आहेस" विचारतात आणि तू तोंड उघडायच्या आत स्वतःच्या बीपीवर येतात. हिंगणघाटात थंडी पडली का? इथं सकाळी दात वाजतात आणि दुपारी बनियन नको होतं. फोन सोडून पत्र काहून लिहून राहिला हा पोट्टा, असं तुले वाटेल. कारण असं की फोनला रेंज फक्त हॉलमध्ये येते, आणि हॉलमध्ये काका बसले आहेत.

मले इथं येऊन वर्ष होत आलं. त्याआधीची माझी प्रगती तुले ठाऊक आहे. पॉलिटेक्निकमध्ये थोडे दिवस, गोंदियाला फोटो स्टुडिओत थोडे दिवस, मग सर्कशीसोबत राजनांदगावपर्यंत (सर्कशीत नाही, सर्कशीच्या जनरेटरवर, मी झोपाळ्यावर उड्या मारतो हे आईनं उगाच पसरवलं). त्या जनरेटरवरूनच मले इंजिनाचा नाद लागला. इथं आल्यावर भंगारात गवत कापायच्या मशीनचं एक पेट्रोल इंजिन मिळालं. ते सुरू झालं तेव्हा माझ्या मनात आलं, एवढा जोर आहे याच्यात आणि हा बिचारा आयुष्यभर जमिनीवरच फिरला. तेव्हापासून मी विमान बनवून राहिलो.

विमान म्हणजे पोरांचं खेळणं समजू नको. पंखाशेजारी मी आडवा झोपलो तर पंख मले ओलांडून हातभर पुढं जातो. खाली उभं राहून हातातल्या रिमोटनं चालवायचं, आत कोणी बसत नाही (काकूनं पहिल्या दिवशी हेच विचारलं, आणि "मग हरकत नाही" म्हणून वरची खोली दिली). त्याला बाल्सा नावाचं लाकूड लागतं. ते इतकं हलकं असतं की हातात घेतल्यावर दुकानदारानं फसवलं असंच वाटतं. सांगाड्यावर रंगीत प्लास्टिकची पन्नी लावून वरून गरम इस्त्री फिरवायची, की ती ढोलाच्या चामड्यासारखी ताणून बसते. इस्त्री अर्थात काकूची. दुसऱ्या दिवशी काका लग्नाला गेले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर नारिंगी ठिपका होता आणि ते दिवसभर सगळ्यांकडे तोंड करून बसले.

नकाशा मी नेटवरून घेतला होता आणि त्याप्रमाणे केलं असतं तर दिवाळीच्या आधी उडालं असतं. पण माझा स्वभाव तुले माहीत आहे. प्लायचा तुकडा उरला म्हणून पंख थोडा वाढवला. मग शेपूट खुजी दिसायला लागली, ती लांबवली. मग चाकं बारीक वाटली, म्हणून ईराच्या लहानपणीच्या बाबागाडीची लावली. (ईरा म्हणजे काकांची पोट्टी, तू पाहिली तेव्हा फ्रॉकात होती, आता इंजिनिअरिंगला आहे. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते. काका म्हणतात, घरात एक दुभाष्या ठेवा.) मग मले सुचलं की पोटाला एक झाकण करावं, रिमोटनं उघडणारं, म्हणजे पुढच्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीवर वरून फुलं टाकता येतील. झाकण झालं, पण वजन वाढलं. वजन कमी करायला झाकणामागची आडवी फळी मी काढून टाकली. त्यामुळे पोटापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक सरळ बोगदा तयार झाला. ही फळी लक्षात ठेव, पुढं आमचं वाटोळं तिनंच केलं, म्हणजे तिच्या नसण्यानं.

आता एक शास्त्र सांगतो. पंखाखाली दोन बाजूंनी दोन बोटं लावून विमान उचलायचं. ते ताजव्यासारखं सरळ राहिलं पाहिजे. नाक थोडं जड असलं तर चालतं, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं जरा तोऱ्यात उडतं. पण शेपूट जड झाली की विमान कोणाचंच ऐकत नाही. मी आणि ईरानं शनिवारी पूर्ण दिवस हा तोल साधण्यात घातला. नाकात शिशाचे तुकडे टाकून, काढून, परत टाकून, एकदाचं ते असं सरळ राहिलं की ईरा म्हणाली, "भैया, अब इसको कोई हाथ नहीं लगाएगा." मी दारावर तशी चिठ्ठीही लावली. हिंदीत लावली, तेवढं चुकलं. काकू हिंदी चिठ्ठ्या वाचत नाही, त्या दूधवाल्यासाठी असतात असं तिचं मत आहे.

एवढी घाई काहून, तर काकांनी अट घातली होती. त्यांचे एक दोस्त आहेत, गुलाबराव. भोसल्यांच्या फौजेसोबत यांचे पणजोबा-खापरपणजोबा इकडे आले ते परत गेलेच नाहीत, त्यामुळे गुलाबरावांची मराठी मधूनच सुरू होते आणि मधूनच बंद पडते. ते बीरगांवला एका लोखंडाच्या कारखान्यात स्टोअरचे साहेब आहेत. काकांनी त्यांच्यापाशी माझी नोकरी पक्की करून टाकली. सकाळी आठला हजेरी, आणि दिवसभर खोलीत बसून नटबोल्ट कोण नेतो ते पाहायचं. आत्या, मी जागी बसणारा माणूस नाही. मी शाळेतही बाकावर कमी आणि बाकाखाली जास्त होतो. मी खूप गयावया केली तेव्हा काका म्हणाले, "ठीक आहे. रविवारी गुलाबरावांसमोर उडव. वर गेलं आणि आपल्या चाकांवर अखंड खाली आलं, तर मी बीरगांवचं नाव घेणार नाही, तुले जे करायचं ते कर. तुटलं, तर सोमवारी गुलाबरावांच्या स्कूटरवर मागं बसायचं आणि तोंड उघडायचं नाही." मी हो म्हटलं. तोल साधलेला होता, मले भीती नव्हती.

तर आज सकाळी निघालो. खऱ्या विमानतळाच्या आसपास हे उडवू देत नाहीत, म्हणून नवा रायपूर ओलांडून पार पलीकडे गेलो. तिथं रस्ते इतके रुंद आहेत की पलीकडच्या बाजूला दुसरं हवामान असतं, आणि गाडी म्हणावी तर एखादी. धान कापून झालेलं, शेतं रिकामी. गुलाबराव स्वेटर, मफलर, गॉगल घालून लग्नाच्या वरबापासारखे उभे. काका हात मागं बांधून. काकू डबा घेऊन, नव्या साडीत. रिमोट ईराच्या हाती (बटणांवर तिची बोटं माझ्यापेक्षा पक्की, तिनं व्हिडिओ गेमवर तारुण्य घालवलं आहे).

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. विमान धावलं, बाबागाडीची चाकं टुणटुणली, आणि आत्या, खरं सांगतो, ते उठलं. काकांचे मागं बांधलेले हात सुटले. मले वाटलं, बीरगांव गेलं. तेवढ्यात ईरानं नाक वर केलं, आणि नाक वर गेलं ते गेलंच. शेपटीवर उभं राहून विमान आकाशाला उलटा दंडवत घालायला लागलं.

"भैया, नाक नीचे नहीं आ रही."

"कर ना खाली."

"अरे कर रही हूँ, पीछे कुछ भारी है."

मले काही कळेना. काल ताजव्यासारखं सरळ, आज हे. आत काहीतरी सुटलं असेल म्हणून मी म्हटलं, झाकण उघड. तिनं बटण दाबलं. विमान नेमकं तेव्हा आमच्या डोक्यावर होतं. आणि वरून तांदूळ पडायला लागले.

हळदकुंकू लावलेले तांदूळ, आत्या. इकडचे दुबराज जातीचे, वासाचे. गुलाबरावांच्या मफलरवर, काकांच्या टकलावर, लग्नात पडतात तसे. मागोमाग एक हळकुंड गाडीच्या टपावर टण्णकन वाजलं, मग सुपारी. बांधावर एक बाई शेळ्या चारत होती, ती पदर पसरून म्हणाली, "ए दाई, चाउर बरसत हे ओ." (चाउर म्हणजे तांदूळ.) गुलाबराव वर पाहत म्हणाले, "अनंतराव, हे काय मंगलाष्टक चालू आहे का?" मी काकूकडे पाहिलं. तिनं डबा छातीशी घट्ट धरला होता आणि चेहरा असा, की तांदूळ तिच्याच डोळ्यांतून पडून राहिले.

तेव्हा मले समजलं. पहाटे आम्ही अंघोळीला होतो तेव्हा तिनं विमानाची ओटी भरली होती. इतके महिने घरात वाढलेलं, तिच्या इस्त्रीखालून गेलेलं, आज पहिल्यांदा बाहेर निघालेलं. घरून निघालेल्या लेकीला ती रिकामी कशी पाठवेल? पोटाला झाकण दिसलं, तिला वाटलं मी त्यासाठीच केलं आहे. ओटी म्हणजे तिच्या हिशेबानं पूर्ण ओटी. पसाभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, खण, आणि नारळ. खोबऱ्याची वाटी नाही, सोललेला, शेंडीचा, अख्खा नारळ. फळी नसल्यामुळे विमान वर चढल्याबरोबर नारळ खणासकट बोगद्यातून मागं घरंगळला. तांदूळ झाकणातून सांडले, पण नारळ शेपटीत जाऊन बसला तो बसलाच.

पुढचं थोडक्यात. ईरानं इंजिन बंद केलं, आणि विमान चिंचेच्या पानासारखं डुलत, आडवंच, गिरक्या घेत खाली आलं. चाकांवर आलं. अगदी चाकांवर. मी उडी मारणार तेवढ्यात कडकन शेपूट मोडली, आणि त्यातून खण गुंडाळलेला नारळ बाहेर निघून त्या रुंद रस्त्यावरून, कोणी बोलावल्यासारखा, गुलाबरावांच्या बुटापाशी जाऊन थांबला.

सगळे नारळाकडे पाहून राहिले. गुलाबरावांनी तो उचलला, कानाशी नेऊन हलवला, पाणी वाजवून पाहिलं. काकांनी विचारलं, "हा कोणी ठेवला आत?" आता तुझा भाऊ तुले माहीत आहे. काकूनं गाडीला लिंबू बांधलं तरी ते पंधरा दिवस चारचौघांत त्यावर बोलतात, आणि ती हसते, आणि मग तिचा डोळा फडफडतो. मले काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "मी ठेवला. तोल साधायला."

"नारळानं?"

"हो."

"खण घालून?"

"सरकू नये म्हणून."

"आणि तांदूळ?"

"ते बारीक वजनासाठी." (हे मले स्वतःलाच पटत आलं होतं.)

ईरानं माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड करून खांदे हलवले. काका म्हणाले, "यापेक्षा नटबोल्ट मोजलेले काय वाईट?" गुलाबराव म्हणाले, "कल आठ बजे. टिफिन घेऊन ये." येताना नारळ काकूच्या मांडीवर होता. रात्री तिनं त्याच्या वड्या केल्या. काकांनी चार खाल्ल्या आणि नारळ गोड निघाला म्हणाले. माझ्या ताटात तिनं वरणभातावर तूप वाढलं ते वाढतच राहिली, मी हात आडवा धरला तरी.

असो. तर उद्यापासून तुझा भाचा लोखंडात. पायावर पुन्हा डोकं ठेवतो.

तुझा
भार्गव

ता. क. : आत्या, हे पत्र मुळात यासाठी लिहिलं. मिळाल्याबरोबर काकांना फोन कर आणि सांग की तुझ्या विहिरीवरची मोटर जळाली आहे, दुरुस्त करणारं कोणी नाही, भार्गवला लगेच पाठवा. थोडं रड. तुले जमतं.

ता. क. दुसरा (मंगळवारी, बीरगांवहून, पत्र टाकायचं राहिलं होतं) : मोटरीचा फोन करू नको. काल गुलाबरावांनी मले स्टोअरमध्ये नेलं, दार लावलं आणि म्हणाले, "बेटा, हमारे घर में भी ओटी भरतात. डोक्यावर पडलं तेव्हाच ओळखलं मी. भाभीजींसमोर काय बोलणार?" मग मले मागच्या शेडमध्ये नेलं. तिथं लेथ मशीन आहे, आत्या, आणि ॲल्युमिनियमचे नळे, आणि रविवारी तिथं कोणी नसतं. ते म्हणतात याच्यापेक्षा मोठं विमान करू. आज सकाळी मी आठच्या आधीच आलो, वॉचमननं चोर समजून पकडलं. घरी काका काल मले नारळपायलट म्हणून राहिले होते, तेव्हा काकू ताट ठेवून म्हणाली, "तो नारळ मी ठेवला होता." काकांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "मग विडा काहून नाही ठेवला?"

ता. क. तिसरा : काकू म्हणते, या खेपेला ओटी घरच्या थोरल्या बाईनं भरायची, म्हणजे तू. नाही म्हणून उपयोग नाही, तिनं ठरवलं आहे. म्हणून ओटीची जागा मी बरोबर पंखाखाली, तोलाच्या मधोमध करून राहिलो, पुढं मागं दोन्ही बाजूंनी पक्की फळी लावून. तर उलट टपाली कळव, तुझा पसा केवढा, आणि नारळ घेतेस की खोबऱ्याची वाटी. तुझं उत्तर येईपर्यंत पंख कापायचा नाही असं गुलाबरावांनी सांगितलं आहे.